घरी काळजी घ्यायला कोण आहे?

हृदय निकामी झालेल्या माणसाला दुसरे हृदय मिळेपर्यंत जगवणारा पंप आता छातीत बसवता येतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातले रक्त ओढून तो महाधमनीत सोडतो. पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, ती कमरेवरच्या कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते. पंप बसवण्याआधी डॉक्टर अनेक तपासण्या करतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात : घरी काळजी घ्यायला कोण आहे?

प्रश्न रास्त आहे. वायरीच्या जागी जंतू शिरू नयेत म्हणून ड्रेसिंग जपून करावे लागते. बॅटऱ्या चार्ज करायच्या, धोक्याची घंटी वाजली तर धावायचे, रक्त पातळ करणारी गोळी चुकवायची नाही. एकट्या रुग्णाला हे झेपत नाही.

पण मैत्रिणींनो, रुग्ण पुरुष असेल तर या प्रश्नाचे उत्तर खोलीतच उभे असते. बायको! तिला कोणी विचारतही नाही, ती हो म्हणणार हे गृहीतच असते. रुग्ण बाई असेल तर? नवरा कामावर जातो, सासू थकलेली, मुलगी शाळेत. मग कागदावर ‘पुरेसा आधार नाही’ असे लिहिले जाते आणि विषय संपतो. जिने आयुष्यभर घरातल्या सगळ्यांची आजारपणे काढली, तिच्याच आजारपणात घर रिकामे निघते.

पूर्वी सांगायला कारण तरी होते. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला विजेवरचा पंप एक किलोहून जड होता. लहान चणीच्या शरीरात तो मावत नसे, आणि लहान चणीच्या म्हणजे बहुतेक बायकाच. यंत्र पुरुषाच्या मापाने बनवायचे आणि बाईलाच ‘बसत नाही’ म्हणायचे! २००८ मध्ये बराच लहान पंप मंजूर झाला. २०१७ मध्ये मंजुरी मिळालेला हार्टमेट ३ तर सुमारे २०० ग्रॅमचा आहे. तरीही त्याच्या १,०२८ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत बायका होत्या साधारण पाचात एक. पंप लहान झाला, बायकांचा वाटा मात्र वाढला नाही. म्हणजे अडचण छातीच्या मापाची नव्हतीच.

चाचणीत बाई नसली की तिच्या शरीराचे प्रश्नही नसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पाळीत अतोनात रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशनआधी हे किती जणींना कोणी समजावून सांगते? गरोदरपणात बाईच्या रक्तात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. त्यामुळे जुळणारे हृदय मिळणे अवघड होते आणि वाट पाहणे लांबते. ज्या मातृत्वाचे पोवाडे गायले जातात, त्याची ही किंमत. बाळंतपणाच्या आगेमागे हृदय निकामी होण्याचा एक आजारच आहे. त्यातल्या बाईचा दम लागणे ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून सोडून दिले जाते. तिचे नाव प्रतीक्षायादीपर्यंत पोचणार कसे?

आपल्या देशातला हिशेब तर उघडच आहे. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या काळात ५६,५०९ जिवंत दात्यांपैकी ३६,०३८ बायका होत्या. अवयव मिळालेल्या बायका मात्र १७,०४१. हे अवयव मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृत, हृदय काही जिवंतपणी देता येत नाही. पण कोणाच्या जिवासाठी घर खर्च करते, हे यातून कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये याच संस्थेने प्रतीक्षायादीत स्त्री-रुग्णांना प्राधान्य द्यावे, असे राज्यांना कळवले. स्वागत आहे. पण यादीतले प्राधान्य यादीत नाव आल्यावरचे. आणि पंपाची किंमत अशी, की मध्यमवर्गीय कुटुंबालाही घर विकायला काढावे लागेल. ते घर बाईसाठी विकले जाईल? बहुतेक जणींच्या नावावर तर ते घरही नसते.

काही मैत्रिणी म्हणतील, गावच्या दवाखान्यात रक्तदाबाची गोळी मिळत नाही, तिथे ही महागडी यंत्रे कशाला? गोळीसाठी भांडायचेच आहे. पण नवे तंत्र आले की त्याचे नियम ठरतात तेव्हा आपण नसतो, आणि नंतर वर्षानुवर्षे त्या नियमांशी झगडतो. गर्भलिंगनिदानाच्या वेळी हे आपण भोगले आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. किती बायकांना पंप सुचवला, किती जणींना बसवला आणि किती जणींना का नाकारला, याची आकडेवारी प्रत्येक केंद्राने दरवर्षी जाहीर करावी. ‘घरी कोणी नाही’ हे नकाराचे कारण चालणार नाही. प्रशिक्षित, पगारी मदतनीस देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. पुरुषाला पंप बसवताना त्याच्या बायकोलाही वेगळे बसवून विचारावे आणि तिच्या बुडणाऱ्या मजुरीची भरपाई द्यावी. सरकारी पैसा लागलेल्या प्रत्येक चाचणीत बायका पुरेशा संख्येने असाव्यात.

काळजी घेणे हा बाईचा जन्मजात गुण नाही, ते काम आहे. त्या कामावर अख्खी आरोग्यव्यवस्था फुकटात उभी आहे. यापुढे रुग्णालय ‘घरी कोण आहे’ असे विचारेल, तेव्हा आपण उलट विचारू : तुमच्याकडे कोण आहे?