आसेतुहिमाचल, परंतु पायीं

परीक्षा संपत आल्या, कीं ज्या घरांत तरुण मंडळी आहेत त्या घरांत दरवर्षीं एक नवा विषय निघतो. कोणी हिमालयांत दहाबारा दिवस पायीं हिंडण्याचें वेळापत्रक घेऊन येतो, तर कोणी कोंकणच्या किनाऱ्यानें चार दिवस चालण्याचें. बरोबर वाटाड्या, ठरलेले मुक्काम, जेवणाची सोय, आणि पाठीवर ज्याचें त्याचें ओझें. मुलें याला ‘ट्रेक’ म्हणतात; आम्ही पदयात्रा म्हणतों. नांव कोणतेंही घ्या, घरांत वाद मात्र ठरलेला. आजोबा विचारतात, “घरीं गाडी असतां पायीं जायचें कशाला?” आजींस थंडीची चिंता, वडिलांस खर्चाची, आणि आईस कोणी कांहीं विचारीतच नाहीं. या शेवटल्या गोष्टीकडे आम्ही पुढें येणार आहों.

आम्ही राहतों त्या चिकलठाण्यास विमानतळ आहे. अंगणांत उभे राहिलों कीं दिल्लीस जाणारें विमान डोक्यावरून जातांना दिसतें. जो प्रवास आमच्या पूर्वजांस महिनोगणती लागे, तो आतां दुपारच्या झोपेइतक्या वेळांत होतो. अशा गांवीं राहून पायीं चालण्याचा पुरस्कार करणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु पोहोंचणें व जाणें यांत भेद आहे. विमानानें मनुष्य पोहोंचतो. पायांनीं तो जातो.

पायीं जाण्याची ही रीत आपल्या घरांस परकी नाहीं. काशी-रामेश्वराची यात्रा आठवावी. काशीहून गंगाजल न्यावयाचें तें रामेश्वरीं अभिषेकासाठीं, आणि सेतूची वाळू आणावयाची ती प्रयागीं त्रिवेणींत सोडण्यासाठीं. म्हणजे समुद्राचा अंश नदीस व नदीचा अंश समुद्रकांठच्या देवास! किनारा आणि हिमालयाचें पाणी यांची गांठ यात्रेकरूच्या पायांनीं घालावी, अशी ही योजना होती. तींत वाटाड्या होता, संग होता, मुक्कामाच्या धर्मशाळा होत्या, आणि नियमही होते. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ सालीं उत्तरेंत होणाऱ्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळेल व घरचें कर्ज फिटेल या आशेनें, आपल्या चुलत्यांसह पायीं निघाले. वाटेंत बंडाची धामधूम भेटली, झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, अनेकदां नागवले गेले. तरी अखेरीस गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं चिंतामणराव वैद्य यांनीं छापून प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरीं तें पुस्तक आहे त्यांनीं तें मुलांकडून या सुटींत अवश्य वाचवून घ्यावें.

आणखी मागें गेलें तर आमच्या दाराजवळचीच वाट सांपडते. दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या प्रतिष्ठानाहून, म्हणजे आजच्या पैठणाहून, व्यापाऱ्यांचे तांडे जुन्नरास येत, नाणेघाटानें सह्याद्रि उतरत, आणि कल्याण-सोपारा या बंदरांस माल पोहोंचवीत. घाटांतील लेण्यांत ब्राह्मी लिपींतील मोठा लेख आहे. तो राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो, व त्यांत यज्ञांचीं नांवें व दिलेल्या दक्षिणेचे आंकडे कोरलेले आहेत. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. आज हौशी मंडळी वाटाड्या घेऊन हाच घाट पायथ्यापासून चढतात. पैठणच्या मुलानें नाणेघाट चढावा, याहून उत्तम इतिहासाचा धडा आम्हांस शाळेंत कधीं देतां आला नसता.

आतां हिमालयाकडे वळूं. उदाहरणार्थ, हिमाचलांत कुलू जिल्ह्यांत पार्वती नदीच्या कांठीं कसोल आहे. तेथून सर पास नांवाच्या खिंडीकडे पदयात्रा निघतात. कसोल सुमारें १,६०० मीटर उंचीवर, खिंड सुमारें ४,२०० मीटरवर. आमचें चिकलठाणें सुमारें ५८० मीटरवर आहे, हें मनांत धरलें म्हणजे त्या चढाची कल्पना येईल. पहिले एकदोन दिवस पायथ्याशींच ठेवून अंग हवेस सरावूं देतात. मग ग्रहण नांवाच्या गांवापासून वर वर एकेक मुक्काम. प्रत्येक मुक्कामीं तंबू, एक प्रमुख, गरम जेवण. सायंकाळीं सर्वांनीं वर्तुळ करून बसावयाचें व गाणीं म्हणावयाचीं. मात्र लांकूड जाळावयाचें नाहीं, म्हणून मधोमध दिवा ठेवून शेकोटी मानावयाची. ही अग्नीविना शेकोटी आम्हांस फार आवडली.

चढतां चढतां वनस्पति बदलतात. खालीं देवदार, मग बुरांसाचीं लाल फुलें, त्यावर भूर्ज. ज्या भूर्जपत्रावर आपल्या पूर्वजांनीं शास्त्रें लिहिलीं, त्याची साल खोडावरून कागदासारखी सुटतांना पाहिली म्हणजे ‘पत्र’ या शब्दाचा अर्थ कोशांत न शोधतां कळतो. भूर्जाच्या वर झाड नाहीं. केवळ गवताचीं कुरणें. हिमाचलांत त्यांस थाच म्हणतात, गढवालांत बुग्याल. तीं दिसतात मखमलीसारखीं, परंतु फार नाजूक असतात. माणसांची व तंबूंची गर्दी सोसेना, म्हणून २०१८ सालीं उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. पाहुण्यानें यजमानाचें अंगण तुडवूं नये, हा धडा निकालपत्रांतून शिकावा लागला!

देवघरांतील शाळिग्राम हातीं घेऊन मुलांस एक गोष्ट सांगावी. नेपाळांत मुक्तिनाथाजवळ काळीगंडकीच्या पात्रांत हा सांपडतो. त्यांतील चक्र म्हणजे सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वींच्या एका समुद्रचर प्राण्याच्या कवचाचा ठसा आहे. त्या काळीं तेथें समुद्र होता. भारतभूमि उत्तरेस सरकत जाऊन आशियाशीं भिडली आणि त्या समुद्राचा तळ उचलला जाऊन पर्वत झाला. हिमाचलांतील स्पिति खोऱ्यांतही असे ठसे मिळतात. तेव्हां किनारा व हिमालय हीं दोन टोकें आपण मानतों. आपल्या ताम्हनांत मात्र तीं रोज एकत्र स्नान करितात. ही माहिती श्रद्धेस बाधक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. उलट नमस्कार करितांना हात अधिक आदरानें जुळतात.

किनाऱ्याच्या वाटेचें शास्त्र निराळें. तेथें चढ नाहीं, पण वेळ साधावी लागते. कोंकणांत वाळूवरून चालतां चालतां खाडी आडवी येते. ती ओहोटीस गुडघाभर व भरतीस पुरुषभर. येथें आपलें पंचांग उपयोगी पडतें. कोंकणांतील जुना हिशेब असा : त्या दिवसाची तिथि घ्यावी व तिची पाऊणपट करावी, जितके तास येतील त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती आणि दुपारीं बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत एकच. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरानें येते, त्याचें हें सोपें गणित आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण मोठें. त्या दिवसांत अधिक सावध असावें. तथापि हा हिशेब स्थूल आहे. खाडींत पाय घालण्यापूर्वीं तेथील कोळ्यास विचारावें. त्याचा शब्द तो शेवटला.

यावरूनच मुख्य मुद्दा निघतो. सर्व यात्रेचें मर्म वाटाड्यांत आहे. २०१८ च्या मार्चमध्यें तामिळनाडूंत तेनी जिल्ह्यांतील कुरंगणीच्या डोंगरांत पदयात्री वणव्यांत सांपडले व वीसांहून अधिक जीव गेले. २०२४ च्या जूनमध्यें उत्तराखंडांत सहस्रतालाच्या वाटेवर कर्नाटकांतून गेलेल्या मंडळींस हिमवादळानें गांठलें. त्यांतील ९ जण परत आले नाहींत. हीं उदाहरणें भीति घालण्यासाठीं आम्ही देत नाहीं. घरच्या वडिलांनीं ‘नको’ म्हणण्यापेक्षां चार प्रश्न विचारावे, एवढाच हेतु. वनखात्याची परवानगी आहे काय? वाटाडे त्याच मुलखांतील आहेत काय, व किती जणांमागें एक? हवा बिघडली तर परत फिरण्याचा अधिकार कोणास? आजारी मनुष्यास खालीं कसें व किती वेळांत आणतात? ज्या संस्थेस यांचीं सरळ उत्तरें देतां येत नाहींत, तिच्याबरोबर मूल धाडूं नये.

आजार म्हटला म्हणजे तेथील मुख्य आजार उंचीचा. ४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें साठ टक्केच उरतो. श्वास तितकाच घेतला तरी प्राणवायु कमी मिळतो. डोकें दुखणें, मळमळ, अन्नावरची वासना उडणें हीं पहिलीं लक्षणें. चालतांना झोक जाणें, बसल्या जागीं धाप लागणें हीं घोर लक्षणें. बलवान् तरुणास हा आजार होत नाहीं, हा भ्रम आहे. ३,००० मीटरच्या वर निजण्याची जागा एका दिवसांत ५०० मीटरहून अधिक चढवूं नये, व तीनचार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा. लक्षणें दिसलीं तर वर जाऊं नये. वाढलीं तर तत्काळ खालीं उतरावें. खालीं उतरणें हाच खरा उपाय.

परत फिरण्यांत कमीपणा नाहीं. आमच्याच शहरांतील गिर्यारोहक मनीषा वाघमारे यांस २०१७ सालीं एव्हरेस्टचें शिखर थोडें उरलें असतां हवामानामुळें परतावें लागलें. त्या परतल्या, म्हणूनच २०१८ सालीं पुन्हां जाऊन शिखरावर उभ्या राहूं शकल्या.

आतां आईची गोष्ट. आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. पानांवर रोज चौदा माणसें. धाकट्या दिरांच्या मुलाचें नांव हिमाचलांतील अशाच एका यात्रेंत घालावयाचें ठरलें. जेवणें चाललीं होतीं. वाढतां वाढतां थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “मलाही येतां येईल का?” वय अठ्ठेचाळीस. सव्वीस वर्षांत बाळंतपणाखेरीज बारा दिवस सलग घराबाहेर राहिल्या नव्हत्या. सासूबाई म्हणाल्या, “अगं, बारा दिवस स्वयंपाकघर कोण पाहील?” प्रश्न रागाचा नव्हता, खरोखरीच त्यांस उत्तर ठाऊक नव्हतें. तेव्हां धाकट्या जाऊबाई बोलल्या, “पोळ्या मी करीन, भाजी हे चिरतील. जाऊबाई, तुम्ही जा.” ‘हे’ म्हणजे कोण हें कळावयास त्या गृहस्थांस थोडा वेळ लागला.

सूनबाई दोन महिने रोज पहांटे चालल्या व मग गेल्या. खिंडीच्या आदल्या मुक्कामीं त्यांनीं पाहिलें कीं पुतण्यानें ताट तसेंच ठेवलें आहे. त्यानें डोकेदुखी सर्वांपासून लपविली होती. दुसऱ्या दिवशीं खिंड चुकेल ही धास्ती. ज्या बाईनें सव्वीस वर्षें चौदा पानांवर नजर ठेविली, तिच्यापासून उष्टें ताट लपतें थोडेंच? त्यांनीं वाटाड्यास सांगितलें. त्यानें मुलास त्याच सायंकाळीं खालच्या मुक्कामीं नेण्याचें ठरविलें, आणि सूनबाई त्याच्याबरोबर उतरल्या. मुलगा दुसऱ्या दिवशीं बरा झाला. खिंड मात्र दोघांनींही पाहिली नाहीं.

परतल्यावर आम्हीं विचारलें, “वाईट वाटलें का?” त्या म्हणाल्या, “वाटलें तर. पण गुरुजी, इतके दिवस कोणीतरी मला गरम वाढलें, आणि ‘आणखी घ्या’ म्हणालें.” इतकें बोलून त्या आंत गेल्या. आम्हीं त्या घरच्या वडिलांस एवढेंच सांगितलें, कीं या त्यागाची स्तुति करून प्रकरण मिटवूं नये. स्तुति फार स्वस्त असते. त्यांनीं तें ऐकलें. यंदा सूनबाई पुन्हां जात आहेत. या खेपेस एकट्या, कोणाचें ताट पाहण्याची जबाबदारी न घेतां. भाजी चिरण्याचें काम त्या गृहस्थांकडे कायम झालें आहे.

तयारीसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. देवगिरीचा किल्ला पाठीवर ओझें घेऊन आठवड्यांतून एकदां चढावा. वेरूळाहून म्हैसमाळाचा डोंगर पायीं गांठावा. तो १,००० मीटरांहून उंच आहे. जोडे नवे असूं नयेत, ते महिनाभर आधीं वापरलेले असावे. साठीच्या पुढील मंडळींनीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, व प्रकृति मानवत नसेल तर किनाऱ्याची वाट धरावी. पंचांग जवळ आहेच.

तेव्हां ज्या घरांतून यंदा कोणी निघणार असेल त्या घरच्या वडिलांस आमची विनंति एवढीच : वरचे चार प्रश्न संस्थेस विचारावे, आणि पांचवा प्रश्न घरांत विचारावा, कीं आजवर ज्यांनीं सर्वांचे डबे बांधून दिले, त्यांपैकीं कोणास जावयाचें आहे काय?