टक्के मोजले कोणी?

उंबरमाळीहून लोकलने मुंबईकडे निघालं की आसनगावच्या आधी माहुली किल्ला दिसतो. १६३६ साली शहाजीराजांनी इथे मुघल-आदिलशाही फौजांशी तह केला आणि निजामशाही संपली.

वर्गात मी यावर दोन साधनं ठेवतो. लाहोरीचा 'पादशाहनामा' शाहजहानच्या दरबारातला, परमानंदांचं 'शिवभारत' शिवाजी महाराजांच्या पदरचं. पोरं विचारतात, "सर, खरं कोण?" मी विचारतो, तुला शोधायचंय काय? मोहिमेचा तपशील हवा तर लाहोरी कामाचा, बादशहाची स्तुती वजा करून. महाराजांच्या दरबाराला शहाजीराजे कसे दिसत होते, ते मात्र परमानंदच सांगणार.

आणि आपले फॉरवर्ड? 'महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान' हे आपण खुशीने पुढे ढकलतो. कोणत्या कागदावरून? आरमारातला दौलतखान बघा. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत तो इंग्रजांच्या पत्रांत येतो, आणि शत्रूला त्याचं नाव उगाच घुसडायचं कारण नव्हतं. टक्केवारी खोटी निघाली की दौलतखानही थाप ठरतो, हे मला जास्त डाचतं.

'पादशाहनामा' फारसीत आहे. आपल्या कित्येक घरांत उर्दू वाचणारे आहेत, लिपी ओळखीची आहे. मग मूळ पान उघडायला दुसऱ्या कोणाची वाट का पाहायची?