नागपूर किती दूर?

मुंबई आणि नागपूर यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. विमान ते सव्वा तासाच्या आतबाहेर कापते. वेळापत्रकात दीड तास लिहिलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंत सरकत जाण्याचा व उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालण्याचा वेळही त्यात धरावा लागतो. लोहमार्गाने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते आणि त्याला रात्र खर्ची पडते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला, तेव्हा ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आठ तासांत पार होईल, अशी ग्वाही देण्यात आली. हिवाळ्यात तर उंचावरील पश्चिमी वारे पाठीशी असल्याने नागपुरास जाणारे विमान परतणाऱ्या विमानापेक्षा काही मिनिटे लवकरच पोहोचते. अधिवेशनास निघालेल्या मंत्रिमंडळाला निसर्गाचाही असा हातभार आहे!

आकाशमार्ग नागपूरला नवखा नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. देशाचा मध्य हाती असलेल्या या नगरीचे राजधानीपद १९५६ साली गेले. ते जाणार हे दिसत असतानाच, १९५३ च्या नागपूर कराराने सरकारने दरवर्षी निश्चित काळ तेथे मुक्काम हलवावा व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवावे, असे ठरले होते.

त्या काळी मुंबईहून आगगाडीने जाणारा मंत्री नागपुरास राहावयास जात असे. आजचा मंत्री तेथे उतरतो. २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू झाले आणि २१ डिसेंबरला संपले. पुढल्या वर्षीही ते आठवड्यापलीकडे गेले नाही. प्रवास सुकर झाला म्हणून मुक्काम वाढावयास हवा होता, तो आटला. विमान जितक्या त्वरेने आणते तितक्याच त्वरेने परत नेते, ही सोय राज्यकर्त्यांच्या चांगलीच अंगवळणी पडलेली दिसते.

आणि ही सोय कोणाची? सिरोंच्याच्या शेतकऱ्याला गडचिरोली हे आपले जिल्ह्याचे ठिकाण गाठावयासच सुमारे २०० किलोमीटर जावे लागते. तेथून नागपूर आणखी १७० किलोमीटर. त्याचा अर्धा दिवस रस्त्यातच सरतो. एवढे करून तो नागपुरास पोहोचावा आणि त्याच्या जिल्ह्याचा प्रश्न पुकारण्यापूर्वीच सभागृह संस्थगित व्हावे, याला करार पाळला असे म्हणता येत नाही. अक्षर पाळले, एवढेच फार तर म्हणता येईल.

नागपूर करारातील ‘निश्चित काळ’ म्हणजे किती दिवस, हे सरकारने एकदा सभागृहात सांगावे. आमच्या मते तो चार आठवड्यांहून कमी नसावा, आणि त्या काळात सचिवांनीही शुक्रवारच्या संध्याकाळचे परतीचे तिकीट खिशात ठेवू नये.