अर्धशिशीची गोळी : कोणती, कधी आणि किती?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या भाभी रोज घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला कामाला जातात. अर्धशिशी त्यांना लग्नाआधीपासूनची. त्या दिवशी सकाळी गाडीतच डोके ठणकू लागले, म्हणून त्यांनी पर्समधली नेहमीची गोळी घेतली. दुपारपर्यंत उजेड सोसवेना, मळमळ सुरू झाली. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने आपल्याजवळची गोळी दिली. म्हणाली, "ही घे, मला हिनेच बरं वाटतं." थोड्या वेळात भाभींच्या छातीवर दडपण आले, बोटांना मुंग्या आल्या. फोन आला आणि आम्ही घरातले सगळे धावत सुटलो.

ईसीजी चांगला निघाला, अल्हम्दुलिल्लाह. पण रक्तदाब बराच वाढलेला होता आणि तो कधीपासून वाढलेला आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी दोन्ही स्ट्रिप पाहिल्या आणि विचारले, "महिन्यात अशा किती गोळ्या घेता?" भाभींना उत्तर देता आले नाही. घरी येऊन आम्ही कपाटातल्या रिकाम्या स्ट्रिप मोजल्या. महिन्याला वीसच्या वर गोळ्या जात होत्या. कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका चिठ्ठीवर मेडिकलवाला त्या देत होता.

त्यानंतर या गोळ्यांमधला फरक आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतला. आपल्यापैकी अनेकींच्या पर्समध्ये अशी स्ट्रिप असते, म्हणून तो येथे मांडत आहोत.

पहिला गट साध्या वेदनाशामकांचा : पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन. दुखणे हलके किंवा मध्यम असेल आणि गोळी लवकर घेतली तर पुष्कळांना एवढ्यानेच भागते. गरोदरपणात डॉक्टर शक्यतो पॅरासिटामॉललाच पसंती देतात. आयबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन मात्र अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वाढलेला रक्तदाब आणि काही दमेकऱ्यांना त्रासदायक ठरतात.

दुसरा गट अर्गोटामिनचा. भाभींची नेहमीची गोळी हीच. त्यात अर्गोटामिनबरोबर कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचे औषधही असते. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतून अर्गोटामिन १९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळे काढले गेले. आपल्याकडे बाजरीच्या कणसावरही अरगट रोग पडतो, तो याच जातकुळीतला. हे औषध रक्तवाहिन्या आवळते आणि त्याचा परिणाम बराच काळ टिकतो. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर ते घ्यायचे नाही. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन अथवा एरिथ्रोमायसिन चालू असेल, तर ही गोळी त्याबरोबर कधीही घेऊ नये. हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

तिसरा गट ट्रिप्टानचा : सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, झोल्मिट्रिप्टान, इलेट्रिप्टान. मैत्रिणीने दिलेली गोळी यातली. ही खास अर्धशिशीसाठीच बनवलेली औषधे आहेत. मेंदूच्या आवरणातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या ती आकुंचित करतात आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंनाही शांत करतात. पण हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर ट्रिप्टान वर्ज्य. अर्गोटामिन आणि ट्रिप्टान यांच्यात निदान २४ तासांचे अंतर लागते, कारण दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. भाभींनी नेमके हेच अंतर ठेवले नव्हते.

चौथा गट नव्या औषधांचा : लास्मिडिटान, तसेच रिमेजेपँट आणि उब्रोजेपँट. ती रक्तवाहिन्या आवळत नाहीत, म्हणून ज्यांना ट्रिप्टान चालत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर त्यांचा विचार करतात. लास्मिडिटानने गुंगी येते. ते घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही.

मग यातले सर्वांत गुणकारी कोणते? सप्टेंबर २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. १३७ चाचण्या, ८९,४४५ रुग्ण आणि तोंडाने घेण्याची १७ औषधे तीत होती. दोन तासांत दुखणे थांबवण्यात इलेट्रिप्टान सर्वांत पुढे राहिले. त्याच्या पाठोपाठ रिझाट्रिप्टान, सुमाट्रिप्टान आणि झोल्मिट्रिप्टान. नवी, महागडी औषधे मात्र साधारण पॅरासिटामॉल आणि बहुतेक वेदनाशामकांच्याच पंगतीत बसली. म्हणजे महाग ते चांगले असे येथे नाही. आणि यादीत पहिले आलेले औषध आपल्याला चालेलच असेही नाही. भाभींच्या मैत्रिणीची गोळी चांगलीच होती; फक्त ती भाभींसाठी नव्हती.

गोळीइतकीच तिची वेळही महत्त्वाची. अर्धशिशीत पोटाचे काम मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी अंगात नीट उतरत नाही. "बघू, थांबेल" म्हणत दुपार केली की तीच गोळी निकामी वाटते. दुखणे सुरू होताच, ते हलके असतानाच घ्यावी. उलट्या होत असतील तर डॉक्टर सोबत उलटीवरचे औषध देतात किंवा नाकात मारायचा स्प्रे लिहून देतात.

लवकर घ्यावी, पण वरचेवर नव्हे. सलग तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस ट्रिप्टान, अर्गोटामिन अथवा मिश्र गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. साध्या वेदनाशामकांसाठी ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. भाभींचे अर्धे दुखणे हेच होते.

रमजानमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो. उपाशीपोट, कमी झोप आणि अचानक सुटलेला चहा, तिन्ही अर्धशिशीला आमंत्रण देतात आणि रोज्यात गोळी लवकर घेता येत नाही. चहा आधीच्या पंधरवड्यात हळूहळू कमी करावा, सहरी चुकवू नये, पाणी भरपूर प्यावे आणि औषधांच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. तरीही दुखणे असह्य झाले तर आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत आहेच. जीव कासावीस झालेल्या सुनेला "थोडं सोस" म्हणण्याआधी घरातल्या मोठ्यांनी हे आठवावे.

पालिकेच्या राजावाडी, कूपर किंवा कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत दाखवता येते. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, अगदी कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचीसुद्धा, सोबत न्याव्यात. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसत असेल तर तेही सांगावे. अशा वेळी इस्ट्रोजेन असलेल्या त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. एकाएकी आलेले, आयुष्यात कधी नव्हते असे भयंकर दुखणे, तापासोबत ताठलेली मान, अडखळणारी जीभ, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे : यांपैकी काहीही असेल तर गोळी शोधत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

भाभींची जुनी गोळी डॉक्टरांनी बंद केली. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. स्वयंपाक आम्ही सांभाळला, मुलांना आवाज करू दिला नाही. प्रोप्रानोलॉल सुरू झाले. त्याने रक्तदाबही उतरतो आणि अर्धशिशीचे झटकेही कमी होतात. झटका आलाच तर तूर्त पॅरासिटामॉल आणि उलटीवरची गोळी. रक्तदाब स्थिरावला की ट्रिप्टानचे बघू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. त्यातही प्रोप्रानोलॉलबरोबर रिझाट्रिप्टानचा डोस कमी ठेवावा लागतो, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

आता फ्रिजवरच्या कॅलेंडरवर भाभी गोळी घेतली की त्या तारखेला फुली मारतात. मागच्या महिन्यात चार फुल्या होत्या. मैत्रिणीलाही त्यांनी तिचा रक्तदाब तपासून घ्यायला लावले आहे.