निसर्गाची कूस आणि नळाचं पाणी

मंडळी, "काँक्रीटच्या जंगलातून सुटलो आणि निसर्गाच्या कुशीत शिरलो" हे वाक्य आता आपण सगळ्यांनी मिळून सन्मानाने निवृत्त करूया का? मुंबई-माथेरान असो, पुणे-ताम्हिणी असो, नाहीतर आमच्याकडचं सॅन फ्रान्सिस्को-योसेमिटी असो, प्रवासवर्णन लिहायला बसलं की ते हटकून येतं. त्याच्या मागोमाग 'मानवाच्या स्पर्शापासून दूर' येतं, मग 'मोबाइलला रेंज नव्हती आणि बरंच झालं' येतं, आणि शेवटी 'पुन्हा त्याच गर्दीत' असा एक सुस्कारा. शहर म्हणजे शिक्षा आणि जंगल म्हणजे जामीन, असा एकूण मामला.

वाक्य गुळगुळीत झालंय ही माझी तक्रार नाही. गुळगुळीत वाक्यं मीही लिहिते. ते खोटं आहे, आणि खोटं असूनही आपल्याला फार सोयीचं आहे, ही तक्रार आहे.

निमित्त झालं मे महिन्यातल्या सहलीचं. माझी कॉलेजातली मैत्रीण, राहणार मुलुंड, ऑफिसच्या कामाने इकडे आली होती. तिने जोडून पाच दिवस रजा काढली. मी सनीव्हेलला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभरावर राहते, तेव्हा गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही मीच. कार्यक्रम मात्र तिच्या मावशीने मुंबईतूनच ठरवून पाठवला होता. "शहर एका दिवसात उरका गं, सगळी शहरं मेली सारखीच. खरं बघायचं ते योसेमिटी." (मावशी हे वाचत असणार. मावशी, राग मानू नका, पण हा लेख तुमच्याविरुद्धच आहे.)

मी भांडून शहराला दोन दिवस दिले. आम्ही केबल कारला लटकलो, टेकड्या चढून पायांचे तुकडे पाडून घेतले, गोल्डन गेट पार्कात गवतावर आडव्या झालो. तिथे ती म्हणाली, "एवढंच काय ते नैसर्गिक राहिलंय बघ या शहरात." आता गंमत अशी की त्या जागी १८७०च्या दशकापर्यंत वाळूच्या टेकड्या होत्या. हजारेक एकरांची ती हिरवाई माणसांनी आणून लावलेली आहे. त्या शहरात मुळात 'नैसर्गिक' काय होतं, तर वाळू, वारा आणि धुकं. वाळू झाकली गेली. वारा आणि धुकं अजून जागेवर आहेत, आणि त्यांनाच सगळे पाहुणे शिव्या घालतात. मे महिन्यात स्वेटर? हो, मे महिन्यात स्वेटर.

जेवताना तिने हॉटेलातल्या नळाच्या पाण्याचं कौतुक केलं. "गोड आहे गं पाणी. उकळत नाहीत का हे लोक?" मी म्हटलं, उद्या दाखवते कुठून येतं ते.

तर दुसऱ्या दिवशी योसेमिटीच्या वाटेवर, १२० नंबरच्या रस्त्याने डोंगर सुरू होतात तिथे मोकॅसिन नावाचं गाव लागतं. समोरच्या डोंगरावरून जाडजूड नळ खाली उतरलेले दिसतात आणि पायथ्याशी वीजघर आहे. बहुतेक लोक इथे पुढचा चढ कसा आहे या काळजीत असतात, नळांकडे बघत नाहीत. मी गाडी बाजूला घेतली. आदल्या दिवशी आपण ज्या केबल कारला लटकून फोटो काढले, ती ओढणाऱ्या मोटारींची वीज इथल्या धरणांच्या साखळीतून जाते. कौतुक केलंस ते पाणीही याच नळांतून पुढे जातं. सॅन फ्रान्सिस्कोचं साधारण ८५ टक्के पाणी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या हेच हेची नावाच्या दरीतून येतं. दीडशेहून जास्त मैल, तेही उताराच्या जोरावर. आजूबाजूची गावं धरून सत्तावीसेक लाख लोक त्यावर जगतात. आमच्या सनीव्हेलच्या नळालाही त्यातला वाटा आहे.

म्हणजे मावशींनी 'उरकून टाका' म्हणून सांगितलेलं शहर आणि 'खरं बघायचं' म्हणून सांगितलेलं जंगल, ही एकाच नळाची दोन टोकं आहेत.

हेच हेचीची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे. योसेमिटीची मुख्य दरी आपण कॅलेंडरवर बघतो ती. तिच्या उत्तरेला हेच हेची, तशीच कड्यांची, तशाच धबधब्यांची, फक्त आकाराने लहान. १८९० साली राष्ट्रीय उद्यान झालं त्यात हीसुद्धा होती. मग १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, जमिनीखालचे मुख्य नळ फुटले आणि शहर काही दिवस जळत राहिलं. धरण मागणाऱ्यांच्या हाती हुकमाचं पान आलं. (नळच फुटलेले असताना धरण असतं तरी पाणी आलं कुठून असतं, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.) जॉन म्यूर आणि त्याचा सिएरा क्लब विरोधात उभे राहिले. हा क्लबसुद्धा १८९२ साली सॅन फ्रान्सिस्कोतच स्थापन झालेला, आणि या प्रश्नावर त्यात फूट पडली, कारण काही सभासदांना शहराचं पाणी जवळचं वाटलं. डिसेंबर १९१३ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी कायद्यावर सही केली. १९१४च्या डिसेंबरात म्यूर गेला. १९२३ साली धरण उभं राहिलं, १९३४ साली पाणी शहरात पोचलं. त्या बदल्यात शहराने केंद्र सरकारला द्यायचं भाडं कायद्यात लिहिलंय: चढत चढत वर्षाला ३० हजार डॉलर. आमच्या भागात एवढ्यात एका कुटुंबाला वर्षभर धड घर भाड्याने मिळत नाही.

इथे मैत्रिणीने मला बरोबर पकडलं. ती म्हणाली, "अगं पण मग शहर आणि जंगल यांच्यात कुंपण घालणारेच बरोबर ना? 'हे अस्पर्श आहे, हात लावू नका' असं कुणीतरी म्हणालं म्हणून तर योसेमिटी वाचलं."

माझ्याविरुद्धचा हा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि मी त्यावर दोन दिवस विचार करत होते. पण हेच हेचीसुद्धा कुंपणाच्या आतच होती! कायदा तोच, उद्यान तेच. मग एक दरी वाचली आणि दुसरी का बुडाली? मुख्य दरीत तोवर हॉटेलं होती, घोडागाड्या येत होत्या, माणसांचा राबता होता. तिला बुडवायची भाषा काढायची कुणाची छाती नव्हती. हेच हेचीत जाणारे मोजकेच. धरणवाल्यांचा युक्तिवादच असा होता की ही दरी बघतंय कोण, उलट तलावाने शोभा वाढेल. १९१२च्या त्यांच्या अहवालात तर भावी तलावात कड्यांचं प्रतिबिंब पडलंय अशी बनवलेली चित्रं छापली होती. म्हणजे जिला माणसांचा स्पर्श झाला होता ती वाचली आणि 'अस्पर्श' होती ती गेली. आपण ज्या गोष्टीला संरक्षण समजतो, तेच तिच्या मुळावर आलं.

आणि अस्पर्श तरी कुणापासून? हेच हेची हे नावच मिवोक लोकांच्या भाषेतलं, खाण्याजोगं बी येणाऱ्या एका गवताचं, असं सांगतात. ते गवत जिथे उगवायचं ती जागा पाण्याखाली आहे. मुख्य दरीत अहवानीची लोक राहायचे. १८५१ साली मॅरिपोसा बटालियन नावाची फौज त्यांना हुसकायला दरीत शिरली. त्या फौजेतल्या एका डॉक्टरने त्यांच्या प्रमुखाला, तेनायाला, मोठ्या उदारपणे सांगितलं की या तलावाला आम्ही तुमचं नाव देतोय. त्यावर तेनायाने उत्तर दिलं की तलावाला आधीपासून नाव आहे. नकाशावर आजही 'तेनाया लेक' आहे. योसेमिटीतली ती मोकळी कुरणं, ज्यांचे फोटो आपण 'देवाची करणी' म्हणून पाठवतो, ती हे लोक नेमाने आग लावून मोकळी ठेवत. ओकची फळं हे त्यांचं धान्य, आणि ओकला ऊन लागतं. त्यांना हाकललं, आगी बंद केल्या, तशी कुरणांत सूचिपर्णी झाडं घुसली. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्यानवाल्यांनाच ठरवून आगी लावायला सुरुवात करावी लागली. दरीतल्या शेवटच्या आदिवासी वस्तीची घरं १९६९ साली पाडली. चंद्रावर माणूस उतरला ते साल.

'मानवाच्या स्पर्शापासून दूर' लिहिताना आपण ही माणसं दुसऱ्यांदा हाकलतो.

आता मुलुंडकडे येते. माझी मैत्रीण तिथे ज्या नळाचं पाणी पिते ते तानसा, वैतरणा, भातसा या बाजूंनी येतं. त्यासाठी शहापूर तालुक्यातल्या जमिनी गेल्या. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात, हे दर उन्हाळ्यात छापून येतं आणि दर पावसाळ्यात विसरलं जातं. पावसाळ्यात आपण तिथूनच पुढे धबधबे बघायला जातो. निसर्गाच्या कुशीत!

मुळशीचं तर सालसुद्धा जुळतं. तिकडे ओशॉनेसी धरणाचं काँक्रीट ओतलं जात होतं तेव्हा इकडे १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते. त्यांची शेतं मुंबईच्या विजेसाठी बुडणार होती. अमेरिकेतला लढा देखाव्यासाठी होता, आपला शेतासाठी. दोन्ही हरले, आणि दोन्हीकडे जिंकणाऱ्याचं म्हणणं एकच होतं: शहराची गरज. आज मुळशीच्या पाण्याकाठी रिसॉर्टं आहेत आणि 'शहराच्या धकाधकीपासून दूर' अशी त्यांची जाहिरात असते. दूर? त्या पाण्याइतकं शहरी पाणी महाराष्ट्रात दुसरं शोधून दाखवा.

मैत्रीण शेवटी वैतागली. "वर्षभर राबून पाच दिवस मिळतात, त्यातही तू मला धरणांचा हिशेब सांगतेस. मी नुसतं बघू का?" बघ की. बघायला माझी ना नाही. टनेल व्ह्यूला पहिल्यांदा ती दरी उघडते तेव्हा मीही दर वेळी गप्प होते, आणि मी किती गप्प असते ते नातेवाइकांना माहीत आहे. माझं म्हणणं इतकंच की मग पूर्ण बघूया. आम्ही चौथ्या दिवशी हेच हेचीला गेलो. मुख्य दरीत पार्किंगसाठी पाऊण तास फिरलो होतो, इथे गाडी हवी तिथे लावली. धरणाच्या भिंतीवरून चालत गेलो, पलीकडच्या बोगद्यातून वापामा धबधब्याकडे निघालो. मे महिना, त्यामुळे बर्फाचं पाणी भरात, आणि पुलावर पोचायच्या आधीच दोघी भिजलो. तलावात पोहायला, नाव घालायला बंदी, कारण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. परतताना भिंतीवर थांबून ती बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "भातसाचं धरण मी अजून पाहिलेलं नाही." मीही पाहिलेलं नाही.

कुणी विचारेल, मग धरण फोडायचं का? फोडा म्हणणारे आहेत. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा नुसता अभ्यास करायचा की नाही यावर मतदान झालं आणि सुमारे ७७ टक्के लोकांनी नको म्हटलं. स्वतःला देशातलं सर्वांत हिरवं म्हणवणारं शहर हे! मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, मीही तेच पाणी पिते. राग येतो तो त्याच शहरातून वीकेंडला निघून योसेमिटीत 'शहरापासून सुटका' शोधण्याचा. २०१३च्या ऑगस्टात रिम फायर नावाचा वणवा, जो शेवटी अडीच लाखांहून जास्त एकर खाऊन गेला, या तलावाच्या दिशेने सरकू लागला, तेव्हा गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली ती सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी. दीडशे मैलांवरचं जंगल पेटलं आणि शहराचं पाणी आणि वीज धोक्यात. सरकारी कागदांना हा संबंध कळतो. कळत नाही तो आपल्या प्रवासवर्णनांना.

असो. जूनमध्ये मावशी स्वतः येणार आहेत असं कळतंय. कार्यक्रम मी आखलाय: तीन दिवस शहर, दोन दिवस डोंगर, वाटेत मोकॅसिनला चहाचा थर्मास उघडायचा. मावशी, हेच हेचीचा रस्ता फक्त दिवसाउजेडी उघडा असतो, संध्याकाळी गेट लावतात. तेव्हा त्या दिवशी सकाळी सातला निघायचं आहे, पूजा आटोपून तयार राहा.