‘28चा टायर’ म्हणजे नेमका कोणता?

22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. टायर-ट्यूब आधीपासूनच 5 टक्क्यांत होते. म्हणजे आठ वर्षे एकाच चाकाच्या बिलावर रबराला एक दर आणि लोखंडाला दुसरा! ही अक्कल कोणत्या टेबलावर सुचली कोण जाणे. ती कटकट संपल्यावर या मासिकाकडे समाधानाची पत्रे येतील असे वाटले होते. आल्या त्या तक्रारी, आणि त्याही सरकारच्या नव्हेत, आपल्याच धंद्याच्या. रिम स्वस्त झाली, पण हवी ती येतच नाही.

तक्रार करणारे बहुतेक जण जुन्या दांडीच्या सायकलीच्या नादी लागलेले. भंगाराच्या भावात उचललेली सायकल आणि तिच्यात वर्षानुवर्षे चाललेले फेरफार, हा नाद दुकानदारांना नवा नाही. सुरुवात साधी असते. कात्रजचा चढ चढताना दम लागतो म्हणून मागची 18 दात्यांची फ्री काढून 22ची बसवली जाते. पुढे 44 दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक 2.44 ऐवजी दोनच वेळा फिरते आणि चढ हलका होतो. पण साखळी आखूड पडते. ती वाढवली की चाकाची जागा सरकते, आणि जागा सरकली की मागच्या ब्रेकच्या दांड्या पुन्हा जुळवणे आले. दांड्यांना हात लावलाच आहे तर केबलचा ब्रेकच का नको, असे मनात येते. तिथून पुढे सुटका नाही. गंमत अशी की सुटका कोणाला नकोही असते!

हे सगळे जमते ते चौकटीमुळे. साधे पोलाद, लग घालून पितळेने जोडलेले. मागचा चिमटा थोडा फाकवून रुंद हब बसवता येते. ॲल्युमिनियमशी असला खेळ करू नये. बीबीच्या कपांना इंचाला 24 आटे, ही जुनी इंग्रजी रीत आपल्या कारखान्यांनी उचलली आणि सोडली नाही. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला, तरी त्या चौकटी रस्त्यावर फिरत आहेत, कारण दुसऱ्या कंपनीचा कप त्यांत मुकाट्याने बसतो.

घोडे अडते ते चाकापाशी. जुन्या रिमच्या बाजू गोल असतात. दांडीचा ब्रेक आतून लागतो, केबलच्या ब्रेकला धरायला तिथे काही नसते. म्हणून रिम बदलायची. फोनवर सांगितले जाते, ‘28ची पाठवा.’ जुन्या 28 × 1½ची बैठक 635 मिलिमीटर व्यासाची. आज 28 म्हणूनच विकली जाणारी 700सी मात्र 622ची. फरक 13चा, म्हणजे ब्रेकच्या शूला साडेसहा मिलिमीटर जास्त खाली पोचावे लागते. तो पोचला नाही की टायर घासतो. 26च्या नावाखाली तर आणखी गोंधळ आहे: 26 × 1⅜ ही 590, 26 × 1½ ही 584 आणि एमटीबीची 26 ही 559. त्यातली 584 म्हणजेच हल्ली 27.5 म्हणून मिरवणारे माप, हे किती काउंटरांवर माहीत आहे?

तारांचीही तीच कथा. जुन्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा. दुकानात येणारी नवी रिम 36 भोकांची. मेकॅनिक मान हलवतो, ‘हिला विका आणि गिअरची घ्या’ असे सुचवतो, आणि हक्काचे गिऱ्हाईक दारातून परत जाते. कॉटर पिनच्या बाबतीत तर तेवढाही विचार नाही. दाब देऊन काढायची पिन हातोड्याने ठोकायची, ती वाकली की क्रँकच बाद ठरवायचा. ज्यांच्या हाताखाली पोरे शिकतात त्यांनी तरी हे थांबवावे.

या सायकलीत बदल करणे हा शहरी हौशींचा शोध नव्हे. धारवाला स्टँडवर उभ्या सायकलीचे पायडल मारून सहाण फिरवतो. गोव्याचा पोदेर मागे पावाची मोठी टोपली आणि पुढे रबरी भोंगा लावतो. मुंबईच्या डबेवाल्यांच्या सायकलींवर कुठून कुठून डबे लटकतात ते दादर-चर्चगेटला कोणीही पाहावे. त्या सगळ्यांचे वेल्डिंग, जादा तारा, दुहेरी स्टँड कोणत्या ना कोणत्या गल्लीतल्या दुकानानेच करून दिले. तीच दुकाने आज टायरच्या कडेवरचा आकडा वाचायचा कंटाळा करतात.

तेव्हा यापुढे मागणी नोंदवताना इंच नकोत. टायरवर 40-635 अशी जोडी छापलेली असते. दुसरा आकडा लिहा, सोबत भोके किती तेही. घाऊक व्यापाऱ्याने तसे बिल दिले नाही तर माल परत करा. या मापांचे भिंतीवर लावण्याजोगे कोष्टक पुढच्या अंकासोबत जाईल. ज्यांच्याकडे 40 भोकांच्या रिम, कॉटरचे क्रँक किंवा दांडीचे ब्रेक पडून आहेत त्यांनी गावासह कळवावे. यादी विनामूल्य छापली जाईल. आणि एखादी चौकट भंगारात द्यायचीच असेल, तर आधी मागचे हब आणि बीबीचे कप काढून घ्या.