घारीला सदका, घारीला मांजा

दिल्लीच्या वझीराबादमध्ये नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. 2022 साली शौनक सेन यांनी त्यांच्यावर ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट काढला. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. ‘बघा, आपली माणसं!’ म्हणून आपण खूश झालो. मीही झालो. पण ती घार जखमी कशाने झाली, हे किती जणांनी विचारलं?

पतंगाच्या मांज्याने. काचेची पूड लावलेला दोरा पंखाचं कातडं आणि स्नायू चिरतो, कधी हाडापर्यंत जातो. पंधरा ऑगस्टला दिल्लीच्या गच्च्यांवरून स्वातंत्र्याचे पतंग चढतात आणि घारी खाली येतात. बऱ्या झालेल्या घारींना सोडायचं कुठे? त्याच आभाळात, त्याच दोऱ्यांमध्ये. ज्यांचा पंख जुळत नाही, त्यांना उडणं कायमचं बंद. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी मांजा मिळतोच, कारण घेणारे आपण आहोत.

चांदनी चौकातल्या जैन मंदिराच्या पक्षी रुग्णालयात मांसाहारी पक्ष्यांना भरती करून घेत नाहीत. कबुतराला खाट मिळते, घारीला नाही. यावर आपले लोक चवीने बोलतात. बोलण्याआधी जरा स्वतःच्या घराकडे पाहावं. जुन्या दिल्लीत आपलीच माणसं सदका म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडवतात. बला टळावी म्हणून घारीला खाऊ घालायचं आणि त्याच मोहल्ल्यातल्या पोरांना मांज्यासाठी पैसे द्यायचे! घारीवरची बला तर आपणच आहोत.

हे दिल्लीचं झालं म्हणून आपण महाराष्ट्रातल्यांनी सुटायचं कारण नाही. संक्रांतीला इथेही पक्षी चिरले जातात, मोटारसायकलवाल्यांचे गळे कापले जातात. ‘पोरं ऐकत नाहीत’ असं पालक मला सांगतात. मी शिक्षक आहे, पोरं किती ऐकतात ते मला ठाऊक आहे. पण चक्रीचे पैसे पोरांच्या खिशात येतात कुठून?

त्या दोन भावांचं कौतुक जरूर करा. पण त्यांचा खरा मान त्यांचं काम कमी करण्यात आहे. यंदा मुलाची चक्री स्वतः हातात घ्या, दोरा बोटावरून फिरवून बघा. कापला, तर चुलीत घाला. पतंग साध्या सुती दोऱ्यावरही उडतो. आधी पंख कापायचा आणि मग मलमासाठी चार पैसे द्यायचे, याला सवाब म्हणत नाहीत.